मेटलला चित्रच का शोभतं? (ॲनिमेटेड व्हिडिओंविषयी)

रिफवेडा

हेवी मेटल संगीत ऐकणाऱ्यांमध्ये एक मत फार घट्ट रुजलंय. खरा व्हिडिओ म्हणजे स्टेजवर घाम गाळणारा बँड, आणि कार्टून वगैरे पोराटोरांसाठी. मला नेमकं उलट वाटतं. या संगीताला कॅमेऱ्यापेक्षा पेन्सिल जास्त मानवते, आणि मेटलचे जे व्हिडिओ वर्षानुवर्षं डोक्यात राहतात त्यातले बरेचसे ॲनिमेशनचे आहेत. त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

मेटलचा चेहरा पहिल्यापासून रंगवलेलाच आहे. आयर्न मेडनचा पहिला अल्बम १९८० साली आला, तेव्हा कव्हरवर बँडचा फोटो नव्हता. डेरेक रिग्जने रंगवलेला एडी, म्हणजे बँडचा तो भुतासारखा मानचिन्ह-पुतळा, होता. पुढच्याच वर्षी गायक बदलला, पॉल डिआनो गेला आणि ब्रूस डिकिन्सन आला, पण एडी जागचा हलला नाही. मेगाडेथमधून किती गिटारवादक आले आणि गेले, तरी कव्हरवरचा कवटीच्या तोंडाचा विक रॅटलहेड आहेच. १९८६च्या 'पीस सेल्स'वर एड रेपकाने काढलेला विक आजही टी-शर्टांवर दिसतो. आपण कॅसेट हातात घेऊन ते कव्हर तासन् तास बघायचो. त्या चित्राच्या चौकटीबाहेर काय असेल, हा पुढे कुठे निघालाय, याची गोष्ट मनातल्या मनात रचायचो. ॲनिमेटेड व्हिडिओ नेमकी तीच गोष्ट पुढे नेतो.

मेडनलाही हे साधायला वेळ लागला. २००३च्या 'वाइल्डेस्ट ड्रीम्स'मध्ये एडी संगणकावर केला होता, पण त्यात रिग्जच्या ब्रशचा खडबडीतपणा कुठेच नव्हता, सगळं गुळगुळीत. मग जुलै २०२१मध्ये 'द रायटिंग ऑन द वॉल' आलं. कल्पना डिकिन्सनची. तिला आकार द्यायला पिक्सारमध्ये काम केलेले मार्क अँड्र्यूज आणि अँड्र्यू गॉर्डन आले, दोघंही मेडनचे जुने चाहते. लंडनच्या ब्लिंकइंक स्टुडिओत निकोस लिव्हसीने ते दिग्दर्शित केलं. बायबलमध्ये बेलशझ्झर राजाच्या मेजवानीची कथा आहे. पंगत रंगात आलेली असताना एक हात भिंतीवर राजाच्या नाशाची अक्षरं लिहितो. ती मेजवानी इथे उजाड, रखरखीत भविष्यात नेलीय, आणि प्रलयाचे चार घोडेस्वार मोटरसायकलवरून येतात. रंग बघा, मातकट, गंजलेले, मधूनच विषारी हिरवा. बँडला कुठेही वाजवताना न दाखवता हा व्हिडिओ मेडनचाच वाटतो, कारण चाळीस वर्षांची कव्हरं त्यात जिवंत झालीत.

तुमच्या आवडीचे सांगा. आवडत नसतील तर का, तेही सांगा.

डबलबास

लेख मनापासून लिहिलाय, पण मुद्दा पटला नाही. १ फेब्रुवारी २००८ला मुंबईत बीकेसीच्या मैदानात मेडन ऐकलंय मी. 'समव्हेअर बॅक इन टाइम' दौऱ्याची ती पहिली मैफल, आणि बँडला घेऊन येणारं विमान स्वतः डिकिन्सन चालवत होता. ड्रमर निको मॅकब्रेनचा उजवा पाय एकाच पेडलवर काय वेगाने चालायचा, ते दिसल्याशिवाय त्या संगीताची ताकद कळत नाही. मेटल हे अंगमेहनतीचं संगीत आहे. बोटं, मनगट, पोटऱ्या यातून ते येतं. कार्टूनमध्ये ही मेहनतच गायब होते. चित्र सुंदर असेल, पण वाजवणारा कुठाय?

सेलफ्रेम

मी ॲनिमेशन शिकवतो, म्हणून डबलबास यांच्या मुद्द्यावर थोडं लांबण लावतो. मेहनत गायब होत नाही, ती दुसऱ्या हातात जाते.

सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात. हाताने चित्र काढणारे बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, त्याला आम्ही 'ऑन टूज' म्हणतो. म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. आता ड्रमकडे या. गाणं १८० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १८० ठोक्यांचं, असेल तर सेकंदाला तीन ठोके, म्हणजे एका ठोक्याला बरोबर ८ फ्रेम. त्या ठोक्यात ड्रमर डबल बासवर, म्हणजे दोन्ही पायांनी बास ड्रमवर, चार फटके मारतो. एका फटक्याला किती आले? दोन फ्रेम. १८०च्या वेगात डबल बासचा प्रत्येक फटका आणि ॲनिमेटरचं प्रत्येक चित्र एकास एक बसतं! ड्रमरचा पाय जितक्या वेळा पडतो तितक्या वेळा आमची पेन्सिल कागदावर पडलेली असते.

चित्रीकरणात हे असं जुळत नाही. कॅमेऱ्यासमोर इतक्या वेगात हलणारा पाय नुसता धुरकट दिसतो. म्हणून मग संकलक दर सेकंदाला कट मारतो, कॅमेरा हलवतो, वेगाचा भास उभा करतो. ॲनिमेटरला भास करावा लागत नाही. कुठल्या फटक्याला डोळा मिटायचा, कुठल्या फटक्याला दगड फुटायचा, हे तो फ्रेम मोजून ठरवतो. चांगला मेटल व्हिडिओ आवाज बंद करून बघा, बास ड्रम कुठे आहे ते तरीही कळतं. माझी कसोटी तीच.

डबलबास

१८०चं गणित आवडलं. हे कधी सुचलंच नव्हतं. तरी माझं प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांवरचं प्रेम कायम :)

मैत्रेयी

माझ्यासाठी या सगळ्याची सुरुवात १९९९मध्ये कॉर्नच्या 'फ्रीक ऑन अ लीश'ने झाली. तेव्हा शाळेत होते आणि एमटीव्ही घरी नुकताच दिसायला लागला होता.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. सुरुवात चित्रात होते. रात्री काही मुलं कुंपण ओलांडून कड्याच्या टोकावर जातात आणि तिथे ठिक्कर खेळतात. त्यांना हटकायला गेलेला पहारेकरी अडखळतो, हातातल्या पिस्तुलातून गोळी सुटते, आणि ती गोळी भिंतीवरचं कॉर्नचं पोस्टर फाडून थेट खऱ्या जगात येते. तिथून पुढे सगळं चित्रीकरण. गोळी खोल्याखोल्यांतून वस्तू फोडत जाते, बँडभोवती घिरट्या घालते, आणि जोनाथन डेव्हिसचा तो बिनशब्दांचा गुरगुराट टिपेला पोचतो तेव्हा उलटी फिरते. परत चित्रात येते. मुलगी ती मुठीत पकडते आणि पहारेकऱ्याच्या हातात ठेवते.

चित्राचा भाग टॉड मॅकफार्लेनचा, चित्रीकरण जोनाथन डेटन आणि व्हॅलरी फॅरिस यांचं. 'स्पॉन' कॉमिक काढणारा तोच मॅकफार्लेन. १९९८च्या 'फॉलो द लीडर' अल्बमचं कव्हरही त्याच्याकडचंच, आणि त्यावरही कड्याच्या टोकाशी ठिक्कर खेळणारी मुलगी आहे. म्हणजे रिफवेडा म्हणतात तसं कव्हर इथे शब्दशः चालायला लागलंय. या व्हिडिओला ग्रॅमी मिळालं. एमटीव्हीची सर्वोत्तम रॉक व्हिडिओ आणि सर्वोत्तम संकलन अशी दोन पारितोषिकंही मिळाली.

डबलबास, यात तुमचे वाजवणारेही आहेत बरं का. गोळी त्यांच्याच अंगावरून जाते.

रिफवेडा

मैत्रेयीताई, वा! मॅकफार्लेनचं नाव निघालंच आहे तर डिस्टर्ब्डचं 'लँड ऑफ कन्फ्यूजन' (२००६) सुद्धा त्याचंच. मूळ गाणं जेनेसिसचं, १९८६चं, आणि त्या व्हिडिओत 'स्पिटिंग इमेज' या ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमाच्या रबरी बाहुल्या होत्या. त्या गाण्याने जिवंत माणसांना दोन्ही वेळा बगल दिली हे मला फार सूचक वाटतं. पुढे २०२२मध्ये ऑझी ऑझबर्नच्या 'पेशंट नंबर ९'साठीही मॅकफार्लेनच आला.

टेपरेकॉर्डर

मंडळी, तुम्ही सगळे नव्वदच्या पुढचं बोलताय. मी थोडा मागे नेतो.

१९७४. डीप पर्पलचा बासवादक रॉजर ग्लोव्हर याने मुलांच्या एका चित्रमय कवितेवरून 'द बटरफ्लाय बॉल' नावाचा अल्बम केला. त्यातल्या 'लव्ह इज ऑल' या गाण्याची छोटी ॲनिमेटेड फिल्म निघाली. गिटार वाजवणारा एक बेडूक रानातून चाललाय आणि सगळे प्राणी, किडे, फुलपाखरं त्याच्या मागे जत्रेला निघालेत. फ्रान्समध्ये दूरदर्शनवर दोन कार्यक्रमांच्या मधली जागा भरायला ती इतकी दाखवली की तिथली एक अख्खी पिढी त्या बेडकाला ओळखते. बेडकाचा आवाज कोणाचा? रॉनी जेम्स डिओचा. दोन बोटांची शिंगं मेटलच्या मैफलीत ज्याने रूढ केली, तोच डिओ.

ती फिल्म केली हॅलस अँड बॅचलर या ब्रिटिश स्टुडिओने. जॉन हॅलस आणि जॉय बॅचलर या नवराबायकोचा स्टुडिओ, १९४०पासूनचा. १९५४चा 'ॲनिमल फार्म' त्यांचाच.

आता सात वर्षं पुढे या. १९८१मध्ये 'हेवी मेटल' नावाचा प्रौढांसाठीचा ॲनिमेशनपट आला. नाव संगीतावरून नाही, त्याच नावाच्या अमेरिकन कॉमिक मासिकावरून आहे, आणि त्या मासिकाचं मूळ फ्रान्समधल्या 'मेताल युर्लां'त. वेगवेगळ्या स्टुडिओंनी वेगवेगळे भाग केले, त्यामुळे चित्राची जात दर दहा-पंधरा मिनिटांनी बदलते. काही भाग अप्रतिम आहेत, काही आज अजिबात बघवत नाहीत, बायकांचं चित्रण तर फारच खटकतं. पण शेवटचा तार्नाचा भाग येतो आणि ब्लॅक सॅबथचं 'द मॉब रूल्स' सुरू होतं. गायक डिओ! आणि याच सिनेमातला 'सो ब्यूटिफुल अँड सो डेंजरस' हा भाग दिग्दर्शित केला जॉन हॅलसने.

म्हणजे बेडकाच्या जत्रेतला गायक आणि ती फिल्म करणाऱ्या स्टुडिओचा हॅलस, दोघंही सात वर्षांनी मेटलच्या सगळ्यात गाजलेल्या ॲनिमेशनपटात पुन्हा एकाच छताखाली. गाण्यांच्या हक्कांच्या भानगडीमुळे तो सिनेमा १९९६पर्यंत अधिकृत व्हिडिओ कॅसेटवर येऊ शकला नाही. तोवर लोकांनी चोरट्या प्रतींवर भागवलं.

मैत्रेयी

टेपरेकॉर्डरकाका, केवढा खजिना आहे तुमच्याकडे! बेडूक आत्ताच पाहिला. डिओचा आवाज पहिल्या ओळीलाच ओळखू येतो.

अंधारवाट

टूलचं नाव अजून कसं नाही आलं? गिटारवादक ॲडम जोन्स बँडच्या आधी स्टॅन विन्स्टनच्या स्टुडिओत काम करायचा. 'टर्मिनेटर २', 'जुरासिक पार्क' यांचे राक्षस आणि मुखवटे जिथे बनले, तिथे. त्यामुळे टूलला व्हिडिओ करायची वेळ आली तेव्हा या माणसाला दुसरीकडे जायची गरजच नव्हती.

१९९३चा 'सोबर' फ्रेड स्टूरने दिग्दर्शित केला आणि बाहुल्या जोन्सच्या. एका पडक्या इमारतीत एक किडकिडीत जीव राहतो, त्याच्याकडे एक लाकडी पेटी आहे. तो ती उघडतो, आत काय आहे ते आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. भिंतीतल्या नळीतून मांसासारखं काहीतरी सरकत जातं. बस, एवढंच. पण स्टॉप-मोशनमध्ये बाहुली प्रत्येक फ्रेमला हाताने सरकवतात, त्यामुळे तिच्या हालचालीत एक बारीक थरथर राहते. चित्रपटवाले ती लपवायला धडपडतात. टूलने ती मुद्दाम ठेवली. आताचा बासवादक जस्टिन चान्सेलर याच्या आधीच्या पॉल डी'आमूरचा तो घसरत, गुरगुरत येणारा बास आणि ती थरथर यांचं जे जमतं, ते नटाकडून होणार नाही.

पुढचा 'प्रिझन सेक्स' तर जोन्सनेच दिग्दर्शित केला. विषय बालपणी झालेला लैंगिक अत्याचार. हा विषय माणसं घेऊन चित्रित केला असता तर एकतर बघवला नसता, नाहीतर सवंग झाला असता. बाहुल्यांमुळे तो बघता येतो, आणि तरी टोचायचा तो टोचतोच. ॲनिमेशनची हीच खरी ताकद आहे असं मला वाटतं, वेग-बिग दुय्यम.

सेलफ्रेम

अंधारवाट, पूर्ण सहमत. त्याच सुमाराचं ॲलिस इन चेन्सचं 'आय स्टे अवे' (१९९४, निक डॉन्किन) राहून गेलं. सर्कसमधल्या बाहुल्या. गाणं संथ, तरी स्टॉप-मोशनने गारठवून टाकतं.

कोकणकडा

डेथक्लॉकशिवाय हा धागा अपुरा राहील. 'मेटलॉकॅलिप्स' ही ॲडल्ट स्विम या अमेरिकन वाहिनीवरची कार्टून मालिका, २००६मध्ये सुरू झालेली. ब्रेंडन स्मॉल आणि टॉमी ब्लाचा यांची. त्यातला डेथक्लॉक हा बँड काल्पनिक, पण गाणी खरी. स्मॉल स्वतः गिटार वाजवतो आणि गातो, ड्रमवर जीन होग्लान. २००७मध्ये 'द डेथाल्बम' आला तो थेट बिलबोर्डच्या २१व्या क्रमांकावर! डेथ मेटलसाठी ही केवढी मोठी गोष्ट होती हे इथल्यांना सांगायला नको.

मला त्यातली आवडणारी गोष्ट म्हणजे बोटं. कार्टूनमध्ये गिटार म्हणजे हात वर-खाली, झालं. इथे सोलो चालू असताना बोटं गिटारच्या ज्या भागात असायला हवीत तिथेच असतात. पॉज करून बघा. आणि मैफलीत खरे वादक अंधारात उभे राहतात, उजेड वरच्या मोठ्या पडद्यावर. लोक मान हलवतात ते चित्राकडे बघून.

या मालिकेचा स्टुडिओ टिटमाउस, ख्रिस प्रिनोस्कीचा. त्याआधी 'बीव्हिस अँड बट-हेड डू अमेरिका' (१९९६) सिनेमात एक भ्रमाचा प्रसंग आहे, वाळवंटातला, व्हाइट झॉम्बीच्या गाण्यावरचा. चित्रं रॉब झॉम्बीच्या शैलीतली, तो प्रसंग प्रिनोस्कीनेच केला होता. मेटलॉकॅलिप्सची बीजं मला तिथेच दिसतात.

डबलबास

जीन होग्लान! बरं, आता मी निम्मा तुमच्या बाजूला आलो असं समजा. होग्लान ज्यात वाजवतो त्याला पोरखेळ म्हणायची माझी हिंमत नाही.

सायलीची_आई

मी मेटल ऐकत नाही, लेकीमुळे या धाग्यावर आले. ती नेटफ्लिक्सवर 'ॲग्रेत्सुको' बघते. लाल पांडा, दिवसा ऑफिसात सगळ्यांचं ऐकून घेते आणि रात्री कॅरिओकेत जाऊन भयंकर आवाजात ओरडते. हे मेटलच का?

कोकणकडा

हो ताई, डेथ मेटलच. हॅलो किटीवाल्या सॅनरिओ कंपनीचंच पात्र आहे ते. आणि तो घोगरा आवाज मालिकेचा दिग्दर्शक रारेचो स्वतः काढतो. बघू द्या तिला, नोकरीतल्या घुसमटीबद्दल इतकं प्रेमाने फार कमी लोकांनी सांगितलंय.

अंधारवाट

एक वेगळा विषय. हल्ली लहान बँड ए.आय.वर व्हिडिओ बनवून टाकतात. कवट्या, ज्वाळा, वितळणारे चेहरे, सगळं एकातून एक. मला ते बघताना काहीच होत नाही. कोणाला आवडतं का?

सेलफ्रेम

मलाही नाही. ते चित्र ठोका ऐकतच नाही, नुसतं वाहत राहतं. पण लहान बँडच्या खिशाचा प्रश्न खरा आहे, हेही मान्य करायला हवं. म्हणून एक उदाहरण देतो.

थ्रोन नावाचा लंडनचा एक डूम (संथ, जड मेटल वाजवणारा) बँड आहे, फारसा कोणाला माहीत नाही. २०१४मध्ये त्यांच्या 'थार्सिस स्लीप्स' गाण्याचा व्हिडिओ आला. दिग्दर्शक हाच निकोस लिव्हसी, ज्याने पुढे मेडनचा केला. पैसे लोकवर्गणीतून. आणि सगळा व्हिडिओ डेनिमवर भरतकाम करून! एकेक फ्रेम मशिनवर कापडावर शिवली, मग तिचा फोटो घेतला, मग पुढची फ्रेम. धागा प्रत्येक फ्रेममध्ये थोडा वेगळा बसतो, त्यामुळे चित्रातले ग्रह, कवट्या, यानं सतत उसवल्यासारखी दिसतात. टाक्यांची दिशा फ्रेमगणिक बदलते, म्हणून उजेड पडल्यावर रंग चमकतो आणि विझतो.

मेटलवाल्यांच्या डेनिम जॅकेटवर बँडांचे पॅच शिवलेले असतात ते आठवा. या माणसाने तो पॅचच हलता केला.

रिफवेडा

हे मला माहीत नव्हतं! आत्ता दोनदा पाहिला. मेडनच्या माणसांना लिव्हसी का योग्य वाटला असेल ते उमगलं.

पैशाच्या मुद्द्यावर माझं म्हणणं असं की मोठ्या बँडांनाही ॲनिमेशन केवळ हौस म्हणून परवडतं असं नाही. २०२०च्या ऑगस्टमध्ये गोजिराचं 'अनदर वर्ल्ड' आलं. जग बंद होतं, प्रवास बंद, चित्रीकरण जिकिरीचं. व्हिडिओत बँडचे चौघं चित्रातच रॉकेट बांधतात आणि उद्ध्वस्त पृथ्वी सोडून निघतात. मेटॅलिकाने २०१६मध्ये 'हार्डवायर्ड'च्या प्रत्येक गाण्याला व्हिडिओ दिला, त्यातला मोटरहेडच्या लेमीवरचा 'मर्डर वन' रॉबर्ट व्हॅलीने ॲनिमेशनमध्ये केला. लेमी डिसेंबर २०१५मध्ये गेला होता. त्याची भूमिका करणारा नट शोधला असता तर ते किती केविलवाणं झालं असतं! व्हॅलीच्या त्या लांबट, टोकदार रेषेत मात्र लेमी लेमीच वाटतो. टोपी, चामखीळ, उंच लावलेला माइक, सगळं.

टेपरेकॉर्डर

आपल्याकडचं कोणी काही करतंय का? मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनने २०१७मध्ये 'दशावतार' अल्बम केला. दहा अवतार, दहा गाणी. मत्स्यावतारातला प्रलय, नृसिंहाने खांबातून बाहेर येणं हे ॲनिमेशनसाठीच जन्मलेलं आहे. आपल्याकडे चित्रकथी आहे, चामड्याच्या बाहुल्या आहेत, सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला आजही ही परंपरा जपणारी ठाकर मंडळी आहेत. चामड्याची छायाबाहुली आणि डबल बास, विचार करून बघा.

डबलबास

काका, नृसिंहाला १८० बीपीएम. खांब फुटताना मी वाजवतो!

नाशिकचा_नवशिक्या

नमस्कार, धागा अधाशासारखा वाचला. मी ॲनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्रांच्या बँडचं गाणं आहे, साडेतीन मिनिटांचं, त्याचा व्हिडिओ प्रोजेक्ट म्हणून करायचाय. गाणं १५० बीपीएमचं. सेलफ्रेम सर, तुमचं १८०चं गणित इथे बसत नाही, एका ठोक्याला ९.६ फ्रेम येतात. काय करू?

सेलफ्रेम

घाबरू नकोस, हे रोजचं आहे. सूत्र सोपं आहे. १४४०ला (मिनिटाच्या एकूण फ्रेम) बीपीएमने भाग, एका ठोक्याच्या फ्रेम मिळतात. तुझ्या ९.६चं प्रत्येक ठोक्याला १० करत गेलास तर गाणं संपेपर्यंत चित्र आठ सेकंदांहून जास्त मागे पडेल. म्हणून ठोका नाही, बेरीज पूर्णांकात आण. पहिला ठोका १०व्या फ्रेमवर, दुसरा १९, तिसरा २९, चौथा ३८, पाचवा ४८. म्हणजे १०, ९, १०, ९, १०. पाच ठोक्यांत हिशेब चुकता, मग परत तेच.

त्याआधी मित्रांना विचार की रेकॉर्डिंग क्लिकवर, म्हणजे कानात ठरावीक टिकटिक ऐकत, केलंय का. नसेल तर बीपीएमवर विसंबू नकोस, वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) उघड आणि स्नेअर ड्रमचे फटके हाताने शीटवर टिपून घे. कंटाळवाणं आहे, पण यातच गाणं पाठ होतं.

आणि महत्त्वाच्या फटक्याला चित्र आवाजाच्या एखादी फ्रेम आधी ठेव. नेमकं त्याच फ्रेमवर ठेवलंस तर उशिरा आल्यासारखं वाटतं. साडेतीन मिनिटं पूर्ण हलती ठेवायचा अट्टहास करू नकोस. ऑन टूज केलंस तरी अडीच हजार चित्रं होतात, एकट्याला झेपणार नाहीत. संथ भागात एकच मोठं चित्र घे, त्यावरून कॅमेरा सरकव, आणि मेहनत ब्रेकडाउनसाठी, गाण्यातल्या त्या जड भागासाठी, राखून ठेव. पहिला वीस सेकंदांचा तुकडा झाला की इथे टाक, आवाज बंद करून बघतो.